कार्बोरेटर नवा, तरी इंजिन चोकशिवाय चालेना

तुमचा प्रश्न नीट वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत कुठे चुकत असेल तर तुम्हाला सांगता येईल.

वाईजवळ तुमची शेती आहे. घरात वडिलांच्या काळातली महिंद्रा एफसी-१६० पिकअप आहे, मूळच्या हरिकेन पेट्रोल इंजिनासकट. जुना सोलेक्स कार्बोरेटर गळत होता, थ्रॉटलचा, म्हणजे ॲक्सिलेटरने उघडणाऱ्या पाकळीचा, शाफ्ट खिळखिळा झाला होता, ॲव्हरेज हाताबाहेर गेलं होतं, पण गाडी चालत होती. नवा कार्बोरेटर बसवला आणि रडगाणं सुरू झालं. सकाळी चोक ओढला की लगेच सुरू होते. गरम झाल्यावर चोक आत ढकलला की बंद पडते, अर्धा चोक ठेवला तर चालते. ॲक्सिलेटर दाबला की खोकते, मधूनच कार्बोरेटरच्या तोंडातून फटका मारते. पसरणी घाटात तर दुसऱ्या गिअरलाही दम धरत नाही. दुकानदाराने कार्बोरेटर बदलून दिला, दुसराही तसाच निघाला. आता एक मिस्त्री रिंग-पिस्टन करा म्हणतो, दुसरा म्हणतो डिझेल इंजिन बसवून मोकळे व्हा.

यापैकी काहीच करू नका. निदान अजून तरी नाही.

तुम्ही विचारलंय, ‘तिसरा कार्बोरेटर कोणता आणू?’ माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे: दोन वेगवेगळे नवे कार्बोरेटर बसवूनही दोष तोच राहत असेल, तर तो दोष कार्बोरेटरच्या बाहेर कुठे आहे? एकाच कंपनीच्या एकाच मालात दोन्हींचे जेट (पेट्रोल मापून सोडणारी बारीक भोकं) चुकीचे असू शकतात, ती शक्यता मी शेवटी घेईन. पण दोन कार्बोरेटर तंतोतंत एकसारखे बिघडलेले मिळणं कमी संभवतं. त्यापेक्षा गाडीतच काहीतरी असण्याची शक्यता कितीतरी जास्त.

चोक ओढल्यावर नेमकं काय होतं? हवेचा रस्ता अडतो आणि पेट्रोल जास्त ओढलं जातं, म्हणजे मिश्रण घट्ट होतं. गरम इंजिनाला घट्ट मिश्रण नको असतं. तरीही तुमचं इंजिन चोकवरच जगतंय, याचा अर्थ चोकशिवाय त्याला मिळणारं मिश्रण पातळ आहे. कार्बोरेटरमधून येणारा फटकाही तेच सांगतो. पातळ मिश्रण सावकाश जळतं, इनलेट व्हॉल्व्ह पुन्हा उघडेपर्यंत आत ज्योत शिल्लक राहते आणि ती मागे येते. मिश्रण घट्ट असतं तर फटके सायलेन्सरमधून आले असते आणि काळा धूर दिसला असता.

मिश्रण पातळ होण्याची कारणं दोनच: हवा जास्त जातेय किंवा पेट्रोल कमी येतंय. यातलं कोणतं, हे ओळखायला एक साधा विचार पुरतो. स्लोवर, म्हणजे ॲक्सिलेटर सोडलेला असताना, इंजिन अगदी थोडी हवा घेतं. त्या वेळी कुठून तरी चोरून हवा शिरत असेल तर तिचं प्रमाण एकूण हवेत मोठं भरतं आणि इंजिन लटपटतं. थ्रॉटल पूर्ण उघडला की इंजिन भरपूर हवा घेतं, आतला व्हॅक्यूम जवळजवळ संपतो आणि तेच बारीक भोक कुणाच्या खिजगणतीत राहत नाही. म्हणजे हवेची चोरी स्लोवर छळते, चढावर नाही. पेट्रोलच्या कमतरतेचं नेमकं उलट आहे. स्लोवर थेंबभर पेट्रोल पुरतं, घाटात मात्र कार्बोरेटरची वाटी, म्हणजे त्यातला पेट्रोलचा छोटा साठा, रिकामी होते.

तुमची गाडी दोन्हीकडे अडते. म्हणून मला वाटतं, तुमच्या गाडीत एक नाही, दोन वेगळे दोष आहेत. आणि जुना कार्बोरेटर त्या दोन्हींवर पांघरूण घालत होता. त्याच्या वाटीतलं पेट्रोल रोखणाऱ्या फ्लोटची पातळी वर गेलेली असणार, जेट झिजलेले किंवा कुणीतरी तार घालून मोठे केलेले असणार, त्यामुळे तो गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडत होता. इतर ठिकाणी जे कमी पडत होतं ते त्यात भरून निघत होतं आणि ॲव्हरेजच्या रूपाने तुम्ही त्याची किंमत मोजत होता. नवा कार्बोरेटर मापात पेट्रोल सोडतो, म्हणून बाकीचं उघडं पडलं. जुन्या पेट्रोल गाड्यांवर काम करताना ही गोष्ट मला वारंवार दिसते.

आता कामाला लागू. पण त्याआधी आगीचं बोलतो. आपल्याकडे गाडी सुरू होत नसली की एअर फिल्टर काढून एकाने बाटलीतून कार्बोरेटरमध्ये पेट्रोल ओतायचं आणि दुसऱ्याने सेल्फ मारायचा, अशी पद्धत आहे. तुमची गाडी तोंडातून फटका मारतेय. अशा गाडीवर हे करायचं नाही म्हणजे नाही. फटक्याची ज्योत थेट हातातल्या बाटलीवर येते. एफसीत इंजिन दोन सीटच्या मधल्या झाकणाखाली, केबिनच्या आतच असतं, त्यामुळे पेटलं तर तुमच्या मांडीशीच पेटेल. काम गाडी उघड्यावर उभी करून करा, अग्निशामक हाताशी ठेवा, आणि पेट्रोलची नळी इंजिन गार असतानाच सोडा.

कार्बोरेटरला हात लावण्याआधी करंट, म्हणजे प्लगला ठिणगी देणारी यंत्रणा, बघा. करंटचा दोष हुबेहूब कार्बोरेटरसारखा वागतो. विशेषतः कंडेन्सर गरम झाल्यावर मार खातो, आणि इंजिन गरम झाल्यावरच त्रास हे तुमचंही लक्षण आहे. या इंजिनाची मापं अशी: पॉइंटचा (डिस्ट्रिब्युटरमधल्या उघडझाप करणाऱ्या संपर्काचा) गॅप ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर. प्लगचा गॅप ०.०३० इंच, म्हणजे पाऊण मिलिमीटर. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, पिस्टन टॉपला पोचण्याच्या आधी ५ अंश. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. आधी पॉइंट लावा आणि मगच टायमिंग बघा, कारण पॉइंटचा गॅप हलला की टायमिंगही हलतं. कार्बोरेटर बदलताना डेल्कोची (डिस्ट्रिब्युटरची) कॅप किंवा प्लगच्या वायरी हलल्या असतील तर त्या बसल्यात का, तेही पाहा. इंजिन गरम करून कॉइलची वायर इंजिनाच्या लोखंडाजवळ धरा, उघड्या हाताने नाही, इन्सुलेटेड पकडीने. ठिणगी निळी आणि जोरकस हवी. ती पिवळट, बारीक होत असेल तर कंडेन्सर बदला. स्वस्त वस्तू आहे, संशयावर बदलली तरी चालते.

करंट ठीक निघाला की हवेच्या चोरीकडे वळा. इथे हरिकेन इंजिनाची रचना आपल्या मदतीला येते. या इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये आणि इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये असतात. इनलेट मॅनिफोल्ड वेगळा नसतोच, तो हेडमध्येच ओतलेला असतो आणि कार्बोरेटर थेट हेडवर बसतो. त्यामुळे इतर इंजिनांत मॅनिफोल्डच्या पॅकिंगमधून हवा ओढली जाते तो प्रकार इथे संभवत नाही. चोरीच्या जागा मोजक्याच उरतात.

पहिली आणि माझ्या मते सर्वांत संशयास्पद जागा म्हणजे कार्बोरेटरचं बूड. जुन्या कार्बोरेटरखाली काळपट तपकिरी, जाडसर इन्सुलेटर होता का, आठवून बघा. तो मध्ये असला की हेडची उष्णता कार्बोरेटरपर्यंत चढत नाही. घाईत बदलणारा मिस्त्री कधीकधी तो जुन्या कार्बोरेटरला चिकटलेलाच सोडून देतो आणि नव्याखाली नुसतं कागदी पॅकिंग घालतो. मग हवा शिरते ती वेगळी आणि वाटीतलं पेट्रोल उकळतं ते वेगळं. नवा कार्बोरेटर उतरवा आणि पॅकिंगच्या दोन्ही बाजू उजेडात पाहा. दाब सगळीकडे सारखा बसला असेल तर फ्लँजचा (बैठकीच्या कडेचा) ठसा पूर्ण गोल उमटलेला दिसतो. एखाद्या बाजूला ठसा पुसट असेल आणि तिथून आतल्या भोकाकडे धुळीची काळी रेघ गेलेली असेल, तर हवा नेमकी तिथून जात होती. पॅकिंगची भोकं फ्लँजच्या भोकांशी जुळतात का, तेही बघा. कार्बोरेटरची बैठक काचेच्या तुकड्यावर टेकवा आणि कानाकोपऱ्यातून फीलर (पातळ मापपट्टी) घालून पाहा. दोन नटांच्या फ्लँजवर जोर काढला की कान वाकतात आणि मधली फट उघडते, नव्या कार्बोरेटरच्याही बाबतीत हे होतं. बैठक वाकडी असेल तर सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून घ्या. नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळा.

दुसरी जागा फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच कार्बोरेटरना डेल्कोच्या व्हॅक्यूम ॲडव्हान्ससाठी एक बारीक पितळी नळी असते. तुमच्या डेल्कोला व्हॅक्यूमचा डबा नसेल, नुसते आतले वजनाचेच ॲडव्हान्स असतील, तर ती नळी उघडीच राहते. तिचं आतलं भोक थ्रॉटलच्या पाकळीच्या किंचित वर असतं, म्हणून स्लोवर ती गप्प असते. पाकळी जराशी उघडली की तिथून हवा ओढली जाते आणि गाडी नेमकी त्या क्षणी खोकते. रबरी टोपी घालून ती बंद करा. तुमच्या खोकण्याचं हे कारण असू शकतं.

तिसरी जागा क्रँककेसची वाफ ओढून घेणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि त्याची नळी. हा व्हॉल्व्ह उघडाच अडकला तर स्लोवर इंजिनाला भरमसाट हवा मिळते. इंजिन चालू असताना नळी इंजिनाच्या बाजूने क्षणभर बंद करून बघा. इंजिन किंचित मंदावलं तर ठीक. एकदम सुधारलं, तर चोर सापडला. चौथी जागा वायपरची. तुमच्या गाडीला व्हॅक्यूमवर चालणारे वायपर असतील तर ती लाइन इंजिनाच्या बाजूला बंद करून बघा. दुहेरी फ्युएल पंप असेल तर त्याच्या व्हॅक्यूमच्या बाजूचा डायफ्राम फाटलाय का, तेही तपासा. तो फाटला की हवेबरोबर इंजिन ऑइलही ओढलं जातं आणि निळा धूर दिसतो. रिंग-पिस्टन सांगणाऱ्या मिस्त्रीने असा धूर पाहिला असेल, तर त्याचा अंदाज इथेच फसला असेल.

चोरी शोधायला माझ्याकडे दोन साधनं असतात. एक, हातपंपाचा ऑइल-कॅन. इंजिन स्लोवर ठेवून थ्रॉटलच्या शाफ्टच्या टोकांवर आणि बैठकीच्या सांध्यावर इंजिन ऑइलचे थेंब सोडायचे. जिथे ऑइल आत ओढलं जाऊन इंजिनाचा आवाज बदलतो, तिथे फट आहे. स्प्रे मारून शोधणारेही आहेत, पण तापलेल्या एक्झॉस्टशेजारी ज्वालाग्राही स्प्रे मारणं मला पटत नाही.

दुसरं साधन व्हॅक्यूम गेज. जुनं पेट्रोल इंजिन सांभाळणार असाल तर ते घ्याच. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन स्लोवर पाऱ्याचे १७ ते २१ इंच दाखवतं. दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी होतो, म्हणजे वाईत त्यातून दोनेक इंच वजा धरा. सुई स्थिर पण १०-१२ इंचावरच असेल तर हवेची चोरी किंवा मागे पडलेलं टायमिंग. सुई ठरावीक लयीत खाली झटके मारत असेल तर एखादा व्हॉल्व्ह बसत नाहीये. या इंजिनात एक्झॉस्टचे टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) ब्लॉकच्या बाजूच्या झाकणाआड असतात. ते उघडायला अडचणीचं असल्यामुळे वर्षानुवर्षं तिकडे कुणी फिरकत नाही. गॅप संपला की व्हॉल्व्ह जळतो. थंड इंजिनावर इनलेट ०.०१८ आणि एक्झॉस्ट ०.०१६ इंच ठेवा. कॉम्प्रेशनही एकदा मोजून घ्या, चारही सिलिंडरांत १० पौंडांहून जास्त फरक नको. हे आकडे चांगले आले तर रिंग-पिस्टनचा विषय तिथेच संपतो, आणि मला वाटतं तो संपेल.

आता स्लो जुळवा. मिक्श्चरचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत न्या, मग दीड फेरी बाहेर. गरम इंजिनावर तो हळूहळू आत फिरवा. इंजिन लडखडायला हवं. स्क्रू पूर्ण आत गेला तरी इंजिनाला फरक पडत नसेल, तर ते स्लोच्या रस्त्यावर चालतच नाहीये. बहुधा कुणीतरी गाडी बंद पडू नये म्हणून थ्रॉटलचा स्क्रू इतका आत मारलाय की पाकळी स्लोच्या भोकांच्या पुढे उघडी राहिलीय. आधी तो मागे घ्या. स्क्रूची दिशा मात्र आपल्या कार्बोरेटरवर खात्री करून घ्या. सोलेक्स धाटणीत तो आत गेला की मिश्रण पातळ होतं, पण जिथे स्क्रू हवेवर काम करतो तिथे उलट होतं.

हे करत असताना इंजिन बंद ठेवून कार्बोरेटरच्या घशात टॉर्च मारा आणि कुणाला तरी ॲक्सिलेटर दाबायला सांगा. बारीक नळीतून पेट्रोलची सरळ, अखंड धार लगेच यायला हवी. थेंब थेंब येत असेल किंवा धार उशिरा येत असेल तर ॲक्सिलेटर पंपाचा डायफ्राम किंवा त्याचा चेक व्हॉल्व्ह बघा. दाबल्यावर खोकण्याचं तेही कारण असतं. त्याच वेळी चोकची पाकळी, नॉब आत ढकलल्यावर, पूर्ण उभी राहते का आणि पेडल तळाला गेल्यावर थ्रॉटल पूर्ण उघडतो का, हे डोळ्यांनी पाहा. नव्या कार्बोरेटरचे लिव्हर जरा लांब-आखूड असतात, आणि थ्रॉटल पाऊणच उघडत असेल तर घाटात दम लागणारच.

इथवर तुमचा स्लो सुधारलेला असेल, खोकणंही बरंच कमी झालेलं असेल. राहिला घाट, आणि तो माझ्या मते पेट्रोलचा विषय आहे. कुणी म्हणेल पाचगणीकडे उंची वाढते म्हणून गाडी ओढत नाही. पाचगणीच्या उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १२ टक्के विरळ असते, ताकद थोडी घटते हे खरं. पण विरळ हवेत कार्बोरेटरचं मिश्रण घट्ट होतं, पातळ नाही. तेव्हा उंचीवर खापर फोडता येत नाही.

घाटात एक चाचणी करा. गाडी दम सोडायला लागली की चोक अगदी थोडा ओढा. ताकद आली तर पेट्रोल कमी पडतंय. आणखीच मेली तर पेट्रोलचा संबंध नाही, पुन्हा करंट आणि टायमिंगकडे जा. पेट्रोल कमी पडत असेल तर पुढचं लक्षण बघा. गाडी थोडं अंतर नीट ओढते, मग एकदम गळते, दोन मिनिटं उभी केली की पुन्हा तेवढंच अंतर जाते: याचा अर्थ वाटी रिकामी होतेय, मागून पुरवठा कमी आहे. गळत नाही, पण पूर्ण चढभर सारखीच कमजोर राहते: याचा अर्थ पुरवठा आहे, मेन जेट लहान पडतोय.

पुरवठ्यासाठी आधी टाकीचं झाकण सैल करून एक चढ करा. झाकणाचं हवेचं भोक बुजलं की टाकीत व्हॅक्यूम होतो. मग कार्बोरेटरकडे येणारी नळी सोडून पत्र्याच्या डब्यात धरा, ठिणगी पडूच नये म्हणून इग्निशनकडून कॉइलला येणारी बारीक वायर काढून ठेवा आणि सेल्फ मारा. प्रत्येक ठोक्याला भरीव पिचकारी हवी, बुडबुडे नकोत. बुडबुडे दिसले तर टाकी ते पंप या भागातली रबरी नळी तपासा. तिथे पंप ओढत असतो, म्हणून नळीला चीर गेली तरी पेट्रोल बाहेर गळत नाही, उलट हवा आत जाते, फुटक्या स्ट्रॉने शहाळं प्यायल्यासारखं. बाहेरून कोरडी दिसते म्हणून ती नळी कुणी बदलत नाही. पंपाचा दाब मोजायची सोय असेल तर तो साधारण तीन-साडेतीन पौंड असावा. कार्बोरेटर बदलताना पेट्रोलची पाइप वाकवून एक्झॉस्टजवळ नेली असेल तर ती दूर घ्या. एफसीच्या बंद झाकणाखाली उष्णता कोंडते आणि पाइपमध्येच पेट्रोलची वाफ होते.

आणि एक गोष्ट जुन्या गाड्यांच्या मालकांनी आता गृहीत धरलीच पाहिजे. पंपावर मिळणारं पेट्रोल आता ई-२० आहे, त्यात २० टक्के इथेनॉल असतं. साध्या पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ पटच. मिसळून हिशेब केला तर ई-२० साठी आकडा १३.५ च्या आसपास येतो. म्हणजे जुन्या पेट्रोलवर बेतलेला जेट तोच ठेवला तर मिश्रण आपोआप सुमारे ८ टक्के पातळ होतं. तुमच्या जुन्या कार्बोरेटरची उधळपट्टी हेही झाकत होती. शिवाय इथेनॉल टाकीतला जुना चिकटा सोडवतं, पाणी धरून ठेवतं, जुन्या रबराला फुगवतं आणि मऊ करतं. टाकी उतरवून धुवा, तळाचा गंज बाहेर काढा, पारदर्शक फिल्टर बसवा, आणि नळ्या व पंपाचा डायफ्राम इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घ्या. हंगाम संपला की गाडी महिनोन्महिने उभी राहत असेल तर टाकीत पेट्रोल साठवून ठेवू नका.

आता जेट. हे मुद्दाम शेवटी घेतो, कारण चोरी बंद न करता जेट मोठा केला तर पुन्हा जुन्या कार्बोरेटरसारखीच स्थिती होईल. जुना कार्बोरेटर फेकला नसाल अशी आशा आहे. त्याचे मेन जेट, एअर जेट आणि स्लो जेट काढून नव्याच्या शेजारी ठेवा. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो, १२० म्हणजे १.२० मिलिमीटरचं भोक. नक्कल मालावर कधी आकडाच नसतो, कधी आकडा एक आणि भोक दुसरंच असतं, म्हणून पिनगेजने (मापाच्या बारीक सळईने) मोजा. आतली व्हेंचुरी (घशाचा अरुंद भाग) दोन्हींची सारखी आहे का, तेही पाहा. ती मोठी असेल तर तो कार्बोरेटर तुमच्या इंजिनासाठी नाहीच, आणि मग दोन्ही वेळा तोच त्रास का झाला याचं उत्तर मिळालं. व्हेंचुरी जुळत असेल तर ई-२० साठी मेन जेट एक पायरी वर न्या. १२० वरून १२५ ला गेलात तर भोकाचं क्षेत्रफळ सुमारे साडेआठ टक्के वाढतं, म्हणजे आपल्याला हवं तेवढंच. तार घालून भोक मोठं करू नका, त्याची कड बिघडते आणि मग कुठला आकडा खरा ते कळत नाही.

खात्री प्लगवरून होते. नवे प्लग घालून, पायथ्याशी मागेपुढे वाहन नसलेल्या सुरक्षित जागी, चढावर जोर लावून गाडी थोडा वेळ चालवा. मग क्लच दाबून इंजिन बंद करा आणि कडेला घ्या. हँडब्रेक लावा, चाकाला दगड लावा आणि मग प्लग काढा. पांढरे फटक आणि करपलेले असतील तर अजून पातळ, कोरडी काळी काजळी असेल तर घट्ट. हलका बदामी रंग चांगला. ई-२० वर तो थोडा फिकटच दिसतो, त्याने घाबरू नका. एखादाच प्लग वेगळ्या रंगाचा असेल तर दोष त्या सिलिंडरचा आहे, कार्बोरेटरचा नाही, कारण कार्बोरेटर चौघांनाही एकच.

डिझेलबद्दल मनापासून सांगतो. जुन्या महिंद्रांपैकी कितीतरी गाड्यांची पेट्रोल इंजिनं उतरवून डिझेल बसवली गेली. मूळ हरिकेन असलेली एफसी आज सहज दिसत नाही. इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते, माउंटिंगपासून गिअरच्या रेशोपर्यंत सगळं हलतं, आणि इतका खर्च करून जे दुरुस्त करायचं ते कदाचित एक पॅकिंग, एक रबरी टोपी आणि हातभर नळीचं काम असेल. तुमच्या घरातली ही गाडी आहे तशी राहावी असं मला फार वाटतं.

पॅकिंग आणि इन्सुलेटर, ती पितळी नळी, आणि टाकीपासूनची रबरी नळी या तीन जागा आधी बघा. मग व्हॅक्यूम गेजचं रीडिंग, चारही प्लगचे फोटो आणि जुन्या-नव्या जेटचे आकडे मला पाठवा. घाटात चोक ओढल्यावर काय झालं तेही लिहा. पुढचा जेट कोणता घ्यायचा ते त्यावरून नक्की सांगता येईल.